कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या : जपायच्या कशा, बदलायच्या कधी

नाटकाचं चित्रीकरण चालू होतं. शेवटचा प्रवेश रंगात आला होता आणि कॅमेऱ्याच्या पडद्यावर बॅटरी ४२ टक्के दिसत होती, म्हणून मी निर्धास्त होतो. सावकाश झूम करत असताना मध्येच पडदा काळा झाला. बॅटरी काढून हातात घेतली तर चांगलीच गरम लागली. मिनिटभराने परत लावली, कॅमेरा सुरू झाला आणि आकडा आला ४० टक्के. रेकॉर्डिंगचं बटण दाबलं आणि दहा-बारा सेकंदांत पुन्हा अंधार. माझ्याकडच्या त्या चित्रीकरणाला शेवट नाही.

पडद्यावरचा आकडा तसा खोटा नव्हता, बॅटरीत चार्ज खरंच शिल्लक होता. पण सहा वर्षं वापरलेल्या त्या बॅटरीचा आतला विद्युतरोध इतका वाढला होता, की कॅमेऱ्याने जोर लावून वीज मागितली की व्होल्टेज कोसळायचं आणि कॅमेरा स्वतःला बंद करून घ्यायचा. मागणी थांबली की व्होल्टेज परत वर यायचं आणि ४० टक्के दिसायचे. तेव्हापासून माझ्याकडच्या प्रत्येक बॅटरीला क्रमांक आहे आणि तिची वहीत नोंद आहे. बॅटरी कशाने म्हातारी होते, तिचं म्हातारपण लांबवायचं कसं आणि तिला कामावरून कधी उतरवायचं, हे सगळं त्या वहीतूनच मला नीट उमगलं. तेच इथे क्रमाने मांडतो.

आधी आतलं समजून घेऊ

लिथियम-आयन बॅटरी आणि व्हिडिओ कॅमेरा यांचं नातं जुनं आहे. १९९१ मध्ये सोनीने या प्रकारची बॅटरी पहिल्यांदा व्यावसायिक स्वरूपात बाजारात आणली, ती हातात मावणाऱ्या व्हिडिओ कॅमेऱ्यासाठीच. लॅपटॉप आणि मोबाइलमध्ये तिचा सर्रास वापर त्यानंतर सुरू झाला.

आपण जिला बॅटरी म्हणतो तो खरं तर सेलचा पॅक असतो. एका सेलचं सर्वसाधारण व्होल्टेज ३.६ किंवा ३.७, पूर्ण भरल्यावर ४.२ आणि रिकामा होताना ३च्या आसपास. असे दोन सेल एकापुढे एक जोडले की ७.२ किंवा ७.४ व्होल्टचा पॅक होतो, जो पूर्ण भरल्यावर ८.४ व्होल्ट दाखवतो. हातातल्या बहुतेक कॅमेऱ्यांच्या बॅटऱ्या याच घरातल्या. मोठ्या कॅमेऱ्यांच्या पाठीवर बसणाऱ्या व्ही-माउंट किंवा गोल्ड माउंट बॅटऱ्यांमध्ये साधारणपणे चार सेल एकापुढे एक असतात, म्हणून त्यांच्यावर १४.४ किंवा १४.८ व्होल्ट लिहिलेलं दिसतं आणि पूर्ण भरल्यावर त्या १६.८ पर्यंत जातात. क्षमता वाढवायची असेल तर सेलच्या जोड्या समांतर जोडतात. सोनीच्या एनपी-एफ मालिकेत हे स्वच्छ दिसतं : एफ ५५० मध्ये दोन सेल, मधल्या आकारात चार आणि जाडजूड एफ ९७० मध्ये सहा. व्होल्टेज तिघींचंही ७.२, फरक फक्त वेळेचा.

सेलबरोबर आत एक छोटा सर्किट बोर्डही असतो. व्होल्टेज फार वर किंवा फार खाली गेलं, शॉर्ट झालं, तापमान वाढलं, तर तो पुरवठा तोडतो. अधिक-उणे टोकांशिवाय आणखी एक-दोन पत्र्या दिसतात, त्यांतून हा बोर्ड कॅमेऱ्याशी बोलतो. उरलेली मिनिटं आणि टक्के तिथूनच येतात. तो आकडा हिशोबाने काढलेला अंदाज असतो. किती वीज आत गेली, किती बाहेर आली याची तो बेरीज-वजाबाकी ठेवतो आणि अनेक महिन्यांत त्या हिशोबात चूक साठत जाते.

चार्जिंग

चार्जर दोन टप्प्यांत काम करतो. पहिल्यांदा ठरावीक करंट ढकलत राहतो आणि सेलचं व्होल्टेज चढत जातं. ते ४.२ ला पोहोचलं की व्होल्टेज तिथेच धरून करंट हळूहळू कमी करतो. म्हणून पहिले ऐंशी टक्के झपाट्याने भरतात आणि शेवटचे वीस रेंगाळतात. शूटच्या दिवशी वेळ कमी असेल तर हे उपयोगी पडतं : दोन रिकाम्या बॅटऱ्या आणि हाताशी एकच तास असेल, तर एकीला शंभरपर्यंत नेण्याच्या नादात दुसरी तशीच ठेवण्यापेक्षा दोघींना अर्ध्या तासाने आलटून पालटून लावा. एकूण वीज जास्त मिळेल.

बॅटरी पूर्ण रिकामी केल्याशिवाय चार्ज करू नये हा जुना सल्ला निकेल-कॅडमियम बॅटऱ्यांच्या काळातला आहे. त्या बॅटऱ्यांना अर्धवट चार्जिंगची 'आठवण' राहायची. लिथियमला तसं काही होत नाही. उलट पूर्ण रिकामं होणं हेच तिला त्रासाचं, त्यामुळे वीस-तीस टक्क्यांवर आली की काढून चार्जरला लावली तरी बेलाशक चालतं. उत्पादक ३०० ते ५०० आवर्तनं चालेल असं म्हणतात, तेव्हा मोजणी पूर्ण आवर्तनांची असते. अर्ध्यापासून दोनदा भरली तर ते साधारण एकच आवर्तन धरायचं.

तापमानाच्या बाबतीत मात्र काटेकोर राहा. शूटहून आल्याबरोबर गरम बॅटरी चार्जरवर ठेवू नका. हाताला खोलीइतकी थंड लागेपर्यंत, अर्धा-पाऊण तास, तिला तशीच राहू द्या. दुसऱ्या टोकाला, गोठणबिंदूच्या खालच्या थंडीत तर चार्जिंग करूच नका. इतक्या थंडीत लिथियम ऋणाग्रात मुरण्याऐवजी त्याच्या पृष्ठभागावर धातूच्या थराच्या रूपात बसतो. हे नुकसान पुढे भरून येत नाही आणि आतल्या आत शॉर्ट होण्याचा धोका वाढतो. १० ते ३० अंश सेल्सिअस ही चार्जिंगसाठी सुखाची मर्यादा समजा.

रात्रभर चार्जरवर राहिली तर बॅटरी फुटेल अशी भीती नको. चांगला चार्जर भरल्यावर थांबतो. पण भरलेल्या अवस्थेत तासन्‌तास तिथेच ठेवण्यात फायदाही काही नाही. दिवा हिरवा झाला की काढून घ्या. आणि चार्जरची वीज बंद असताना बॅटरी त्यावर अडकवून ठेवू नका, काही चार्जर उलट तिच्यातूनच थोडी थोडी वीज खात राहतात.

ठेवायची कुठे, किती भरून

सगळ्यात जास्त बॅटऱ्या वापरून मरत नाहीत, कपाटात मरतात. दोन गोष्टी त्यांना आतून खातात : उष्णता आणि काठोकाठ भरलेलं असणं. दोन्ही एकत्र आल्या तर फार वेगाने खातात. वर्षभर नुसती ठेवलेल्या बॅटरीबद्दल सर्वसाधारणपणे दिले जाणारे आकडे बघा. २५ अंशांत ४० टक्के भरून ठेवली तर वर्षाअखेरीस तिची मूळ क्षमता सुमारे ९६ टक्के उरते, पूर्ण भरून ठेवली तर सुमारे ८०. तापमान ४० अंश असेल तर हेच आकडे ८५ आणि ६५ वर येतात. म्हणजे गरम खोलीत 'कधीही लागेल' म्हणून फुल करून ठेवलेली बॅटरी एकदाही न वापरता वर्षात तिसरा हिस्सा गमावते.

त्यामुळे माझा क्रम असा असतो. शूट संपलं की बॅटऱ्या कॅमेऱ्यातून काढायच्या. कॅमेरा बंद असला तरी त्याचं घड्याळ आणि इतर सर्किट थोडी वीज ओढत राहतात. पुढचं काम आठवड्याभरात असेल तर जशा आहेत तशा ठेवायच्या आणि कामाच्या आदल्या संध्याकाळी भरायच्या. काम लांब असेल तर प्रत्येक बॅटरी ४० ते ६० टक्क्यांच्या मध्ये आणायची. जास्त भरलेली असेल तर कॅमेऱ्यावर किंवा एलईडी दिव्यावर थोडी उतरवायची, कमी असेल तर थोडी भरायची. मग टोकांवर प्लॅस्टिकचं झाकण लावून कोरड्या, थंड कपाटात, खिडकीपासून दूर. फ्रिज लागत नाही. थंडी त्यांना मानवते हे खरं, पण बाहेर काढल्यावर पत्र्यांवर दंव धरतं, आणि साध्या थंड कपाटानेही बऱ्यापैकी काम भागतं.

तीन महिन्यांतून एकदा कपाट उघडायचंच. नुसती ठेवलेली बॅटरीही आतल्या बोर्डामुळे दर महिन्याला दोन-तीन टक्के गमावते. अर्ध्यावर ठेवलेली बॅटरी वर्षभर सहज टिकेल, पण पाच टक्क्यांवर विसरलेली टिकणार नाही.

एनपी-एफ प्रकारच्या बॅटऱ्या हल्ली कॅमेऱ्यापेक्षा मॉनिटर आणि एलईडी दिव्यांवर जास्त दिसतात, आणि तिथेच त्या सर्वाधिक वाया जाताना मी पाहिल्या आहेत. दिवा बटणाने बंद केला तरी काही दिव्यांची बॅटरी बसवायची प्लेट तिच्यातून विजेची बारीक धार ओढत राहते. बॅटरी तशीच लावून दिवा बॅगेत गेला, की महिन्याभराने ती चार्ज घेतच नाही. दिवा गुंडाळताना बॅटरी काढायची, ही सवय हाताला लागली पाहिजे.

आणि उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीत कॅमेऱ्याची बॅग ठेवू नका. आतलं तापमान ६० अंशांच्या पुढे जाऊ शकतं. अशा एका दुपारीही बॅटरीच्या आयुष्यातला बराच काळ खर्ची पडतो.

कडाक्याच्या थंडीत शूट असेल तर उलट काळजी. गारठ्यात बॅटरी लवकर मान टाकते, पण ते तात्पुरतं असतं. जोडीच्या बॅटऱ्या अंगातल्या आतल्या खिशात ठेवा, लावलेली थकली की ती खिशात आणि उबदार ती कॅमेऱ्यात. थोड्या वेळाने पहिली पुन्हा बरीच मिनिटं चालते.

पत्र्यांची सफाई

कॅमेरा मध्येच 'ही बॅटरी वापरता येत नाही' असं म्हणू लागला किंवा मिनिटांचा आकडा गायब झाला, तर नवी बॅटरी घेण्याआधी पत्र्या पाहा. घाम, धूळ आणि हवेतला ओलावा यांनी त्यांच्यावर पातळ काळपट थर धरतो. कॅमेरा बंद करा, बॅटरी काढा, आयसोप्रोपाइल अल्कोहोलमध्ये किंचित भिजवलेल्या कापसाच्या काडीने बॅटरीच्या पत्र्या पुसा. कॅमेऱ्याच्या आणि चार्जरच्या बाजूच्या पत्र्याही पुसा, चार्जरची वायर भिंतीतून काढून. पाच मिनिटं वाळू द्या. पॉलिश पेपर किंवा चाकूचं टोक लावू नका. पत्र्यांवरचा मुलामा एकदा खरवडला की खालचा धातू पहिल्यापेक्षा जोमाने काळा पडतो. कॅमेऱ्यातल्या स्प्रिंगच्या पिना एका उंचीच्या आहेत ना, एखादी आत अडकून बसली नाही ना, तेही याच वेळी बघून घ्या.

तीन महिन्यांची तपासणी

ही तपासणी या सगळ्याचा कणा आहे, म्हणून जरा तपशिलात सांगतो.

प्रत्येक बॅटरीवर न पुसणाऱ्या पेनने क्रमांक आणि वापरात आणल्याचा महिना लिहा. वहीत तिचं एक पान.

आता सपाट काचेवर किंवा गुळगुळीत टेबलावर बॅटरी आडवी ठेवा आणि बोटाने एका कोपऱ्यावर दाबा. निरोगी बॅटरी हलत नाही. डुगडुगली, किंवा ढकलल्यावर पोटावर भोवऱ्यासारखी फिरली, तर ती फुगलेली आहे. डोळ्यांना दिसण्याच्या बऱ्याच आधी फुगवटा टेबलावर कळतो. अशी बॅटरी पुढच्या कुठल्याही पायरीवर न नेता बाजूला काढा.

मग पूर्ण चार्ज करा. चार्जरला किती वेळ लागला तेही लिहा, कारण पूर्वी अडीच तास घेणारी बॅटरी आता तासाभरात 'भरली' म्हणत असेल तर तिच्या पोटात जागाच कमी झाली आहे. चार्जरवरून काढल्यावर तासभर थांबा आणि मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवून अधिक-उण्याच्या टोकांना लावा. दोन सेलच्या पॅकला ८.३ ते ८.४ मिळायला हवेत. मीटरच्या दोन सुया एकमेकींना चिकटणार नाहीत याची खबरदारी घ्या, पत्र्या फार जवळ असतात. दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजा. एका रात्रीत आकडा ८.० च्या आसपास उतरला असेल तर एखादा सेल आतून गळतो आहे.

आता खरी परीक्षा. कॅमेरा ट्रायपॉडवर, पडद्याची चमक नेहमीची, फोकस ऑटोवर, रेकॉर्डिंग तुम्ही नेहमी वापरता त्याच दर्जावर. आपोआप बंद होण्याची सोय काढून टाका, कार्डात जागा आहे याची खात्री करा. घड्याळ लावा आणि कॅमेरा स्वतःहून बंद होईपर्यंत चालू द्या. काही फोटो-व्हिडिओ कॅमेरे एकोणतीस मिनिटं एकोणसाठ सेकंदांनी रेकॉर्डिंग थांबवतात, तिथे उठून परत बटण दाबावं लागतं. बंद झाला त्या क्षणाआधी पडद्यावर किती टक्के होते, तेही लिहा.

नवी असताना याच पद्धतीने मोजलेला वेळ पानाच्या वर लिहिलेला असतो. त्याच्या ८० टक्क्यांपर्यंत वेळ मिळतोय तोवर बॅटरी मुख्य कामाची. ६० ते ८० च्या मध्ये असेल तर ती राखीव, किंवा तालमीसाठी आणि दिव्यांसाठी. ६० च्या खाली गेली की मी ती बदलतो. आणि वेळ कितीही मिळो, १५-२० टक्के दाखवत असताना जी अचानक बंद पडते, ती मी महत्त्वाच्या चित्रीकरणाला नेत नाही. माझ्या नाटकाच्या बॅटरीने हा इशारा वर्षभर आधीपासून दिला असणार, फक्त मी पाहत नव्हतो.

अशी पूर्ण उतरवण्याची चाचणी तीन महिन्यांतून एकदाच. तिने टक्क्यांचा हिशोबही जागेवर येतो. पण चाचणी संपल्यावर बॅटरी रिकामी ठेवू नका, थोडी गार झाली की लगेच अर्धी भरा.

फुगलेली आणि झोपलेली

फुगवटा म्हणजे आतल्या द्रवाचं विघटन होऊन तयार झालेला वायू. तो परत जिरत नाही. फुगलेली बॅटरी दाबून कॅमेऱ्यात बसवायची नाही, टोचायची नाही, 'शेवटचं एकदा' म्हणून चार्जही करायची नाही. नेलपॉलिशसारखा गोडसर वास आला तर द्रव बाहेर आला आहे असं समजा. खिडक्या उघडा, उघड्या हाताने पुसू नका.

ती कॅमेऱ्याच्या खोबणीत अडकली असेल तर घाई करू नका. कॅमेरा बंद करून गार होऊ द्या. खटका दाबून धरा, कॅमेरा उलटा करून खालून तळव्याने हलक्या थापा द्या. पारदर्शक चिकटपट्टी बॅटरीच्या उघड्या बाजूला घट्ट चिकटवून तिच्या आधाराने ओढता येतं. एवढ्याने निघाली नाही तर दुरुस्ती केंद्रात न्या. स्क्रूड्रायव्हरने उचकटण्याचा मोह टाळा, कारण पातळ वेष्टनाच्या सेलला एक टोक लागलं तरी आग भडकू शकते.

दुसरी तक्रार नेहमीची : बरेच महिने पडून असलेली बॅटरी चार्जरला लावली तर दिवा भराभर लुकलुकतो किंवा लागतच नाही. व्होल्टेज फार खाली गेल्यामुळे संरक्षक बोर्डाने दार लावून घेतलं आहे. मूळ कंपनीच्या चार्जरवर अर्धा तास ठेवून पाहा, काही चार्जर अशा बॅटरीला आधी अगदी बारीक करंट देऊन जागं करतात. दोनदा प्रयत्न करूनही उठली नाही तर सोडून द्या. दुसऱ्या बॅटरीच्या तारा जोडून 'धक्का' देण्याचे उपाय फिरत असतात. ते करू नका. सेल दीड व्होल्टच्या खाली बरेच दिवस राहिला की आतलं तांबं विरघळून भलत्या जागी साचतं, आणि जागी झालेली अशी बॅटरी नंतर चार्जिंगच्या वेळीच शॉर्ट होऊ शकते.

नवी घेताना

आधी जुन्या बॅटरीवरचं पूर्ण नाव, शेवटच्या अक्षरापर्यंत, उतरवून घ्या. दिसण्यावर जाऊ नका. कॅननच्या एलपी-ई६ कुळातल्या बॅटऱ्या समोर ठेवल्या तर सहज ओळखू येत नाहीत, पण २०२४ च्या ईओएस आर५ मार्क २ सारख्या कॅमेऱ्यात जुन्या पिढीची बॅटरी लावली तर काही सुविधा मर्यादित होतात.

मूळ कंपनीची घ्यायची की दुसऱ्याची, यावर माझं मत असं : एकाच कॅमेऱ्यावर पोट असेल तर निदान दोन बॅटऱ्या मूळ कंपनीच्या हव्यात. कॅमेऱ्याचं सॉफ्टवेअर अद्ययावत केल्यावर परक्या बॅटऱ्या नाकारल्या जाण्याचे प्रकार होतात. दिवे आणि मॉनिटर यांना नावाजलेल्या दुसऱ्या उत्पादकाची चालते. नाव-गाव नसलेली कशालाच नको.

खोटी क्षमता पकडायला साधं गणित पुरतं. एनपी-एफ मध्ये जे गोल सेल असतात, त्या १८६५० आकाराच्या सेलची क्षमता चांगल्यात चांगल्या उत्पादकाकडे ३५०० मिलीअँपिअर-अवरच्या आसपास असते. एफ ५५० मध्ये दोन सेल एकापुढे एक आहेत, म्हणजे व्होल्टेज दुप्पट होतं, पण क्षमता एकाच सेलइतकी राहते. तिच्यावर ५२०० किंवा ६००० छापलेलं असेल तर ते खरं असूच शकत नाही. एफ ९७० मध्ये अशा तीन जोड्या समांतर, म्हणून साडेदहा हजारांपर्यंतचा दावा कागदावर तरी शक्य. त्याच्या बराच वर गेलेला आकडा बघितला की पुढे चला. सोनीची स्वतःची एफ ९७० सहा हजार तीनशे ते सहा हजार सहाशेच्या दरम्यान आहे.

वजनही बोलतं. असा एक सेल ४५ ते ५० ग्रॅमचा. सहा सेलचे मिळूनच २७० ते ३०० ग्रॅम झाले, वर कवच आणि बोर्ड. हातात घेतलेली एफ ९७० वजनकाट्यावर २०० ग्रॅम भरली तर आत काही सेल कमी आहेत किंवा हलके आहेत.

बॅटरी घरी आली की पहिल्याच दिवशी टेबलावर ठेवून डुगडुगते का पाहा, कॅमेऱ्यात सैल किंवा अतिघट्ट बसत नाही ना पाहा, आणि परत करण्याची मुदत संपायच्या आत वर सांगितलेली पूर्ण वेळेची चाचणी करा. तोच आकडा तिच्या पानाच्या माथ्यावर जाईल. बराच काळ गोदामात पडून असलेली 'नवी' बॅटरीही थकलेली असू शकते, म्हणून छापलेली उत्पादनाची तारीख बघा. पुढे लागतील म्हणून पाच-सहा घेऊन साठवू नका. न वापरताही त्या म्हाताऱ्या होतच असतात.

जुन्या कवचात नवे सेल भरून देण्याचं काम काही जण करतात. दुर्मीळ कॅमेऱ्यासाठी बॅटरी मिळतच नसेल तेव्हा हा मार्ग रास्त आहे, पण ते घरी करायचं काम नव्हे. सेलला पट्टी स्पॉट-वेल्डने जोडतात. सोल्डरिंगची कडक उष्णता सेलच्या आतला पातळ पडदा बिघडवते. सगळे सेल एकाच तुकडीतले, सारख्या व्होल्टेजचे हवेत. काही पॅकचा बोर्ड तर सेल सुटताच कायमचा बंद होतो.

तारीख विसरणारा कॅमेरा

बॅटरी बदलताना दर वेळी तारीख-वेळ नव्याने विचारली जात असेल तर दोष मोठ्या बॅटरीचा नाही. घड्याळ जिवंत ठेवायला कॅमेऱ्यात नाण्याएवढा एक सेल असतो. अनेक कॅमकॉर्डरमध्ये तो चार्ज होणारा असतो आणि साधारण तीन महिने कॅमेरा पडून राहिला की रिकामा होतो. अशा वेळी कॅमेरा त्याच्या अडॅप्टरवर, बंद ठेवून, चोवीस तास लावा. बहुतेकदा एवढंच पुरतं. काही कॅमेऱ्यांत तो बदलता येणारा साधा सेल असतो, छोट्या झाकणाखाली. पुस्तिकेत लिहिलेला प्रकारच घाला. चार्ज होणाऱ्या सेलच्या जागी न होणारा घातला तर कॅमेरा त्याला चार्ज करू पाहील आणि तो गळेल किंवा फुटेल.

मोठ्या बॅटऱ्या आणि प्रवास

व्ही-माउंटच्या बाबतीत एक चूक महागात पडते. तिच्या डी-टॅप भोकातून (इतर उपकरणांना वीज देण्यासाठी असलेल्या जोडणीतून) सरळ बॅटरीचं व्होल्टेज बाहेर येतं, भरलेली असताना १६.८. फक्त १२ व्होल्टवर चालणारं उपकरण तिथे थेट लावलं तर जळू शकतं. उपकरणावर 'चालणारं व्होल्टेज' किती ते वाचूनच केबल जोडा, आणि केबल आधी बॅटरीला की उपकरणाला याबद्दल उत्पादकाने दिलेला क्रम पाळा.

विमानप्रवासात सुटी लिथियम बॅटरी हातातल्या सामानातच न्यावी लागते, सोडून देण्याच्या सामानात चालत नाही. मर्यादा वॉट-अवरवर ठरते : व्होल्ट गुणिले अँपिअर-अवर. ७.२ व्होल्ट आणि २.२८ अँपिअर-अवर म्हणजे साधारण १६.४. १०० वॉट-अवरपर्यंत सहसा वेगळी परवानगी लागत नाही. १०० ते १६० दरम्यान विमान कंपनीची मंजुरी हवी आणि अशा सुट्या बॅटऱ्या दोनच नेता येतात. १६० च्या पुढची प्रवाशाच्या सामानात चालत नाही. बाजारात ९८ आणि ९९ वॉट-अवरच्या व्ही-माउंट इतक्या का दिसतात ते यावरून कळेल. एखादी कंपनी याहून कडक असू शकते, तेव्हा तिचे नियम निघण्याआधी वाचा. प्रत्येक बॅटरीच्या टोकांवर झाकण किंवा चिकटपट्टी, आणि प्रत्येक वेगळ्या पिशवीत. किल्ल्या आणि सुटी नाणी असलेल्या कप्प्यात उघडी बॅटरी टाकू नका.

कामावरून उतरवलेली बॅटरी

बदललेली बॅटरी घरच्या कचऱ्यात जाऊ देऊ नका. कचऱ्याच्या गाडीत चिरडली गेली की तिथेच पेट घेते. कॅमेऱ्यावर किंवा दिव्यावर ती शक्य तितकी उतरवा (फुगलेली असेल तर ही पायरी सोडा), सगळ्या पत्र्यांवर चिकटपट्टी लावा, वर मोठ्या अक्षरांत 'बाद' लिहा आणि ई-कचरा घेणाऱ्या केंद्रात द्या. फुगलेली बॅटरी तोवर घराबाहेर, फरशीवर, जळण्यासारख्या वस्तूंपासून दूर, उघड्या धातूच्या डब्यात वाळूवर ठेवा. कधी पेटलीच तर आधी माणसं बाहेर काढा आणि धूर श्वासात जाऊ देऊ नका. आग छोटी असेल आणि सुरक्षित अंतरावरून जमत असेल तरच भरपूर पाणी ओता. लिथियम-आयनच्या आगीत पाण्याचं काम शेजारचे सेल थंड ठेवण्याचं असतं, म्हणून ज्वाळा विझल्यावरही ओतत राहा, कारण आतला दुसरा सेल काही मिनिटांनी पुन्हा पेटू शकतो.

वहीत त्या क्रमांकाच्या पानावर बाद केल्याचा महिना लिहून रेघ मारा. तो क्रमांक नव्या बॅटरीला देऊ नका, नाहीतर दोन वर्षांनी पानं चाळताना कुठली नोंद कोणाची ते कळत नाही.